पंजाबरावांचा नायट्रोजन

बुलढाण्यात द्रव नायट्रोजन कुठं मिळेल, असं मी आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रसेनजितला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ढोराच्या डॉक्टरकडं. दुसरीकडं कुठंच नाही."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच तसं होतं. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या ज्या कांड्या वापरतात, त्या या नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात, नाहीतर खराब होतात. त्यामुळं मोठ्या शहरात जी वस्तू कंपनीकडून मागवावी लागते, ती आमच्याकडं मोटरसायकलला बांधून खेड्यापाड्यांत फिरत असते. प्रसेनजितनं एक नंबर दिला. मी फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "बोला, गाय का म्हैस?"

ते पंजाबराव.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आले. उंच, थोडे पोक काढून चालणारे, पांढरा शर्ट, खिशात थर्मामीटर. गाडीच्या मागं लाकडी खोकं आणि त्यात गोणपाटात गुंडाळलेलं ॲल्युमिनियमचं गोल भांडं. त्यांनी बूच काढल्यावर पांढरी वाफ बाहेर आली आणि जमिनीवर पसरली. आमची मुलं बघायला जमली. पंजाबरावांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी बूच लावायला मुद्दाम वेळ लावला.

"पण मॅडम, लोखंडाले कायले लागते हे?"

फोनवर मी फक्त लोखंडाच्या प्रयोगासाठी हवा एवढंच म्हणाले होते, आता नीट सांगितलं. माझं सगळं काम एका प्रश्नाभोवती आहे: चिवट पोलादात तडा नेमका कधी पुढं सरकायला लागतो? काच किंवा बिडाचं लोखंड फटकन तुटतं, तिथं प्रश्नच येत नाही. चिवट पोलाद तसं तुटत नाही. त्यात आधीचा बारीक तडा असला आणि ते ओढलं, तर तड्याचं टोक आधी बोथट होतं, ताणलं जातं, आणि मग कधीतरी फाटायला सुरुवात होते. तो 'कधीतरी' मला पकडायचा असतो. त्यासाठी आम्ही तुकड्यातून वीज सोडतो. तडा सरकला की वीज जायला जागा कमी उरते आणि तड्याच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज अगदी किंचित वाढतो. तो वाढायला लागला की यंत्र थांबवायचं.

"पण वीज खरं सांगते का ते डोळ्यांनीच बघावं लागतं," मी म्हणाले. "म्हणून तुकडा भट्टीत तापवायचा. जेवढं आत फाटलंय तेवढ्यावर निळसर रंग चढतो. मग तो तुमच्या नायट्रोजनमध्ये बुडवायचा. त्या थंडीत पोलादाचा चिवटपणा जातो, एका घावात त्याचे दोन तुकडे होतात. निळं दिसलं ते आधीचं फाटलेलं, चमकतं ते आत्ताचं."

"अन् फाटाले सुरुवात झाली की आवाज नाई येत?"

"नाही येत. भारही उतरत नाही. काटा वर चढतच राहतो."

पंजाबरावांनी मान हलवली. "मंग हा मुका माज हाय." बोलून गेल्यावर ते जरा ओशाळले, पण मी विचारल्यावर त्यांनी समजावलं. काही म्हशी माजावर आल्या तरी हंबरत नाहीत, खाणं सोडत नाहीत, काहीच दाखवत नाहीत. आत सगळं सुरू झालेलं असतं आणि मालक गोठ्यासमोर बसून बिडी ओढत असतो. "भायेरून काईच समजत नाई. हात घालूनच पाहा लागते."

तेव्हापासून वर्गात हा विषय निघाला की मी 'मुका माज' हाच शब्द वापरते. शहरातली मुलं हसतात, खेड्यातली लगेच समजतात.

पुढची काही वर्षं ते ठरलेल्या दिवशी नायट्रोजन घेऊन येत राहिले. त्यांचं घर येळगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून. वडिलोपार्जित जमीन होती, पण त्यांचं मन गोठ्यात. तरुणपणी सरकारी प्रशिक्षण घेतलं, आधी सायकलवर आणि मग मोटरसायकलवर पठारावरची गावं आणि घाटाखालचे मळे फिरले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाईंची राहत. रस्त्यात कुणी भेटलं की "तुमची चंद्री कशी हाय?" हे आधी, मग मुलाबाळांचं. प्रयोगशाळेत आले की ते चहा होईपर्यंत बोलत आणि चहा झाल्यावरही बोलत. कुठल्या म्हशीनं कुणाला पाण्यात ढकललं, कुठल्या कालवडीला तिच्या मालकिणीशिवाय कुणी हात लावू शकत नाही. प्रसेनजित यंत्र लावून ठेवायचा आणि मी ते सुरू करायचं विसरायचे.

माझे वडील कोर्टात कारकून होते. त्यांना एकदा मी पंजाबरावांच्या गोष्टी सांगितल्या, तर ते म्हणाले, "असा साक्षीदार असला की वकील रडतो. विचारलेलं सोडून सगळं सांगेल."

ज्ञानेश्वर हा पंजाबरावांचा एकुलता एक मुलगा. त्याला गोठ्यात रस नव्हता. "त्याले शेनाचा वास नाई चालत, ग्रीसचा चालते," असं पंजाबराव म्हणत, आणि त्यात तक्रार नसे. मुलगा खामगावच्या आयटीआयत फिटर झाला आणि वरवट बकालच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात लागला. रुईच्या गाठी बांधायचा मोठा हायड्रॉलिक प्रेस त्याच्या हाती होता. काजलशी लग्न झालं तेव्हा आम्हाला पत्रिका होती. हंगामात दोघं तिकडंच कारखान्याच्या खोलीत राहायची, उन्हाळ्यात घरी यायची.

एकदा ज्ञानेश्वर वडिलांबरोबर प्रयोगशाळेत आला. आमच्या यंत्राच्या खांबावरून त्यानं हात फिरवला, खालचा नट बोटांनी चाचपला.

"आमचा प्रेस याच्याहून मोठा हाय मॅडम. चार खांब, असे मांडीएवढे."

"तपासता का ते?"

"रोज. सकाळी प्रेस चालू कराच्या आधी टॉर्च घेऊन चारी खांब पाहतो. वायरी-बियरी नाई आमच्याकडं."

तो वडिलांसारखा बोलका नव्हता. पण तुकडा ओढला जाताना पडद्यावरची रेघ चढत होती तेव्हा तो ती शेवटपर्यंत बघत राहिला, आणि मी यंत्र थांबवलं तेव्हा म्हणाला, "पण अजून तुटलं कुठं?" मी म्हटलं, सुरुवात झाली, मला तेवढंच हवं होतं. त्याला ते पटलं नसावं.

फेब्रुवारीत, कापसाचा हंगाम भरात असताना, त्या प्रेसचा एक खांब तुटला. सकाळची वेळ होती, गाठ दाबली जात होती. खांबाचा वरचा तुकडा नटासकट उडाला आणि ज्ञानेश्वरच्या छातीवर बसला. अकोल्याला नेताना वाटेतच तो गेला. आणखी एका कामगाराचा हात मोडला.

मी आणि प्रसेनजित त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसं बसली होती. पंजाबराव बाजेवर होते. मला बघून ते म्हणाले, "या मॅडम," आणि बायकोला हाक मारली, "शालू, चहा ठेव." सुतकाच्या घरात चहा सांगताहेत म्हणून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी त्या हाताकडं बघितलं, पण तो कुणाचा आहे हे बघितलं नाही. मग ते मला म्हणाले, "गोठ्यातली कबरी या महिन्यात व्याईन. कास उतरली तिची." मी हो म्हणाले.

शालूबाई आलेल्या प्रत्येकाला विचारत होत्या, जेवून आले का. प्रसेनजितला त्यांनी दोनदा विचारलं. काजल आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे होते. रडण्याचा आवाज फक्त शेजारच्या बायकांचा होता.

तिथंच मी पहिल्यांदा ऐकलं. ओट्यावर दोघं जण बोलत होते, की कारखान्याचे शेठ म्हणतात, रोज खांब तपासायचं काम ज्ञानेश्वरचं होतं. त्यानं नीट बघितलं असतं तर तडा दिसला असता. मोडलेल्या हाताचं पापही त्याच्यावरच. बोलणारे हळू बोलत होते, पण अंगण लहान होतं. पंजाबरावांनी ते ऐकलं असणार. त्यांचा चेहरा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात त्यांचा ठरलेला दिवस होता. मी प्रसेनजितला म्हटलं, अकोल्याहून नायट्रोजन मागवू, त्यांना त्रास नको. तो फोन लावणार, तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली.

ते आले, भांडं उचलून आणलं, आमच्या डब्यात ओतायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही कशाला आलात?"

"आज वार हाय ना."

ओतताना त्यांनी हातमोजे घातले नव्हते. डब्याच्या काठावरून धार सांडली, त्यांच्या मनगटाशी शर्टाची बाही भिजली आणि कातडीला चिकटली. मी ओरडले. प्रसेनजितनं धावत जाऊन बाही वर सारली. खालची कातडी पांढरी, मेणासारखी झाली होती. आम्ही हात कोमट पाण्यात धरला. पंजाबराव दुसऱ्याचा हात असावा तसे त्याच्याकडं बघत होते.

"दुखतंय का?"

"नाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नाई."

चहा आला, त्यांनी तो प्यायला. एक शब्द बोलले नाहीत. प्रयोगशाळेत इतकी शांतता असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नंतर त्या जागी फोड आला, कातडी गेली, जखम भरायला बराच काळ लागला. त्या काळातही ते रोज फेरीला जात होते. लोक सांगायचे, फोन लगेच उचलतात, "बोला, गाय का म्हैस?" म्हणतात, येतात, काम करतात आणि जातात. चंद्री कशी आहे हे मात्र कुणाला विचारत नाहीत.

त्यानंतर खांबाचे तुकडे आमच्याकडं आले. अपघाताची चौकशी सुरू होती आणि चौकशी अधिकाऱ्यांनी आमच्या कॉलेजकडून मत मागवलं होतं. त्यांचे प्रश्न दोन होते. खांब कुठून आणि कसा तुटला? आणि प्रेस चालवणाऱ्याला ते आधी कळणं शक्य होतं का?

मी अधिकाऱ्यांना भेटून सांगितलं, की मयताच्या वडिलांना मी ओळखते आणि आमचा नायट्रोजन तेच देतात. ते वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "नायट्रोजन कुणाचाही असला तरी थंडच असतो ना? तुकडे तोडायच्या दिवशी माझा माणूस समोर बसेल. तुम्ही काम करा."

पंजाबरावांनाही मी सांगितलं. म्हटलं, "भाऊ, या कामापुरता नायट्रोजन मी दुसरीकडून आणते."

"कायले? माह्याकडं हाय ना."

"तुम्हाला जड जाईल."

ते माझ्याकडं बघत राहिले. 'जड' म्हणजे काय ते आठवायचा प्रयत्न करत असावेत. "मी आणतो," ते म्हणाले.

तुटलेला पृष्ठभाग मी भिंगाखाली धरला आणि पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. खांबाच्या एका कडेला नखाच्या आकाराचा, तेलकट काळा डाग होता. तो जुना तडा. प्रत्येक गाठीबरोबर केसाइतका सरकत काही महिने वाढलेला. त्याच्यापुढं राखाडी, खरबरीत भाग, तो त्या दिवशी फाटलेला. जुना तडा जिथून निघाला होता तिथं वेल्डिंग होतं. खांबावर कुणीतरी लोखंडाचा एक कान जोडला होता, साखळी अडकवायला असावा तसा. ज्या खांबावर सगळा जोर येतो त्यावर वेल्डिंग करायचं नसतं. तिथलं पोलाद तापून निवताना कडक होतं आणि बारीक चीर पडते. ती चीर त्या कानाच्या पट्टीखाली होती, म्हणून ती बाहेरून दिसणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी पंजाबराव आले तेव्हा तो तुकडा टेबलावरच होता. मी तो झाकायला हात पुढं केला, पण त्यांनी बघितला होता.

"अथून तुटला?" त्यांनी कानाकडं बोट केलं.

"हो."

"तो कान ज्ञानेश्वरनंच लावला होता."

प्रसेनजितच्या हातातला पाना तसाच राहिला.

"दिवाळीले घरी आला तवा सांगतलं त्यानं. म्हने, बाबा, असं पक्कं वेल्डिंग केलं की हत्ती लटकवा." ते सांगताना त्यांचा आवाज वर-खाली झाला नाही. "चैन-पुली टांगाची होती."

चौकशीत हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. शेठच्या लोकांनीही नाही, कारण वेल्डिंगचा विषय निघाला तर तो त्यांच्यापर्यंतही पोचला असता. मी म्हटलं, "भाऊ, हे मला अहवालात लिहावं लागेल. मी तुम्हाला विचारलंही नव्हतं."

"लिहा."

"त्याच्यावर येईल."

"त्यानं केलं ते त्यानं केलं," पंजाबराव म्हणाले आणि भांड्याचं बूच काढलं.

दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही त्याच खांबाच्या धड भागातून तुकडे कापले, प्रत्येकात खाच घेतली, खाचेच्या टोकाला बारीक तडा तयार केला. मग एकेक तुकडा यंत्रात लावून ओढला. एक थोडा ओढून थांबवला, दुसरा त्याहून जास्त, तिसरा आणखी जास्त. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक भाराची आणि एक व्होल्टेजची. भाराची रेघ गुळगुळीत चढत होती. तिच्याकडं बघून कुणीही म्हणालं असतं, सगळं ठीक आहे. व्होल्टेजची रेघ एका जागी किंचित वाकली. फाटायला सुरुवात झाली होती. भाराच्या रेघेला त्याचा पत्ताही नव्हता.

तुकडे तोडायच्या दिवशी अधिकाऱ्यांचा माणूस खुर्चीत बसला होता. तुकडे भट्टीतून काढून निववलेले होते. पंजाबरावांनी डब्यात नायट्रोजन ओतला, या वेळी प्रसेनजितनं त्यांना हातमोजे घालायला लावले होते. पहिला तुकडा बुडाला तेव्हा उकळल्यासारखा आवाज झाला आणि मग थांबला. प्रसेनजितनं चिमट्यानं तो काढून ऐरणीवर धरला आणि घाव घातला. टक्‌ आवाज झाला आणि दोन अर्धुकं पडली.

ज्या तुकड्याची व्होल्टेजची रेघ नुकतीच वाकली होती, त्याच्या आत निळी चंद्रकोर होती. मधोमध फुगीर, कडांकडं येता येता संपलेली. दोन्ही बाहेरच्या कडांवर निळ्याचा ठिपकाही नव्हता.

मी ते अधिकाऱ्यांच्या माणसाला दाखवलं. त्यानं फोटो काढले. मग पंजाबराव पुढं आले. त्यांनी ते अर्धुक हातात घेतलं नाही, वाकून बघितलं.

"हे निळं म्हंजे फाटलेलं?"

"हो. आत, पोटात सुरू झालंय. तिथं पोलादाला पसरायला वाव नसतो, म्हणून आधी तिथंच फाटतं. कडेला अजून काहीच नाही."

"अन् भायेरून?"

"बाहेरून बघितलं तर खांब धड दिसला असता. टॉर्च लावला तरी. जुना तडा कानाखाली झाकलेला होता आणि नवा पोटात."

"काटा?"

"काटा वर चढत होता. रोजच्यासारखा."

ते तसेच वाकून उभे होते. "म्हंजे त्या दिवशी त्याले समजलं नसन."

"नाही, भाऊ. कुणालाच समजलं नसतं. मलाही नाही, वायरी लावल्याशिवाय."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. ते खाली बसतील, रडतील, निदान एक मोठा श्वास सोडतील. अधिकाऱ्यांच्या माणसानंही कागद खाली ठेवला होता. पंजाबराव सरळ झाले, मोजे काढून टेबलावर एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "चिखलीच्या रस्त्याले एक म्हैस पाहाची हाय. निघतो."

अहवालात मी सगळं लिहिलं. सुरुवात वेल्डिंगपासून झाली. वेल्डिंग मयतानं केलं असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. ठरवून दिलेल्या भाराच्या आतच खांब फाटायला लागला. ते डोळ्यांनी किंवा काट्यावर कळणं कुणालाही शक्य नव्हतं. असे खांब ध्वनिलहरींच्या उपकरणानं ठराविक मुदतीत तपासून घ्यायचे असतात, आणि तशी तपासणी झाल्याची कुठली खूण मला दिसली नाही.

सुनावणी बुलढाण्यातच, दुपारी झाली. शेठचा वकील म्हणाला, मुलानं परस्पर वेल्डिंग केलं, आम्हाला माहीतच नव्हतं. तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. तानाबाई. जिनिंगमध्ये सरकी झाडायचं काम करायच्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, वरवट बकालहून एसटी बदलत स्वतः आल्या होत्या.

"मुनीमजीनं सांगतलं त्याले," त्या म्हणाल्या. "मी तथीच झाडू मारून राह्यली होती. पोरगा म्हने, खांबावर नाई लावत, भिंतीले लावतो. मुनीमजी म्हने, भिंतीले टाइम जाते, संध्याकाळपर्यंत पुली लागलीच पाह्यजे. मंग लावलं त्यानं."

अधिकाऱ्यांनी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगितलं. वकिलानं आवाज चढवला तरी त्या बदलल्या नाहीत. काजल माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला, आणि सुनावणी संपेपर्यंत तो सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही.

निकाल आला तेव्हा दोष कारखान्यावर ठेवला गेला. भार घेणाऱ्या खांबावर वेल्डिंग करवून घेतलं आणि खांब तपासून घेतले नाहीत, असा. ज्ञानेश्वरचा हलगर्जीपणा नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. तानाबाईंना मात्र पुढच्या हंगामात त्या जिनिंगमध्ये काम मिळालं नाही. त्या आता कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेत जातात असं ऐकलं.

निकाल मीच पंजाबरावांना फोन करून सांगितला. ते म्हणाले, "बरं." मागं गाय हंबरत होती. मी म्हटलं, "भाऊ, त्याचं नाव निघालं यातून." ते पुन्हा म्हणाले, "बरं मॅडम." फोन त्यांनी ठेवला नाही. मीच ठेवला.

मग मला राहवेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. निकालाचा कागद वाचून दाखवला. काजल दारात उभी होती, शालूबाई शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर शालूबाईंनी विचारलं, "मॅडम, तुमाले लोखंडाचं सगळं समजते. त्याले दुखलं असन का हो?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, शालूबाई."

त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. खोटं सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं का, याचा मी परतीच्या वाटेवर विचार केला. अजूनही कधी करते.

काजल माहेरी गेली नाही. तिच्या घरच्यांनी दोनदा गाडी पाठवली, दोन्ही वेळा ती रिकामी परत गेली. आता पंजाबरावांचा फोन बहुतेक वेळा तीच उचलते, कुठल्या गावाला आधी जायचं ते तीच सांगते, आणि "बोला" म्हटल्यावर आधी "कोण बोलून राह्यलं?" असं माणसाचं नाव विचारते. गावोगावच्या मालकांना त्याची सवय होतेय. पंजाबराव ती सांगेल तिकडं जातात.

ते आमच्याकडं अजून येतात. मागच्या पावसाळ्यात एकदा दुपारी आले, नायट्रोजन ओतला, चहा घेतला, आणि नेहमीसारखे निघाले नाहीत. खिडकीखालच्या बाकाकडं बघून म्हणाले, "मॅडम, जरासा टेकू का? घरी डोळा लागत नाई."

"टेका ना, भाऊ."

ते बाकावर आडवे झाले, हात छातीवर घेतला, आणि आम्ही काही बोलायच्या आत झोपले. तोंड थोडं उघडं, श्वास जड. प्रसेनजितनं यंत्राचा पंप बंद केला. अर्धवट ओढलेला तुकडा वाया जाणार होता, तरी मी काही बोलले नाही. तासाची मुलं दाराशी आली, त्यांना मी खुणेनं व्हरांड्यात थांबवलं. एकानं आत डोकावून विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिकल?" मी म्हटलं, "थांबा." मुलं कठड्यावर बसून राहिली. हळू आवाजात बोलत होती, मग तेही थांबलं.

बऱ्याच वेळानं पंजाबराव उठले. बेसिनवर तोंड धुतलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं. बाहेरची मुलं बघून म्हणाले, "हे काऊन बसून राह्यले?"

"तुमचं आवरायची वाट बघताहेत," प्रसेनजित म्हणाला.

"मंग उठवाचं नाई का," ते म्हणाले, भांडं उचललं आणि जिन्याकडं निघाले. मुलांनी पाय आखडून त्यांना वाट दिली.